गिरमिटाचं आडनाव

मागच्या महिन्यात नातवाने माळ्यावरून ते धूड खाली काढलं आणि मोबाइलचा दिवा लावून त्याच्या पोटाखाली काहीतरी शोधत बसला. काय शोधतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर. तो मिळाला की यंत्र कुठलं, कधीचं, सगळं कळतं म्हणे. कुठे कुठे शोधायचं हेही त्याने मला समजावून सांगितलं. आधी मोटरच्या कवचावरची पट्टी बघायची, मग मुठीच्या खाली, आणि अक्षरं झिजली असतील तर दिवा तिरपा धरायचा. मी म्हटलं, बाबा रे, मला नको शिकवूस. या यंत्राचा नंबर लोकांनी आमच्या घरात घुसून शोधलेला आहे.

तो हसला. मला हसू येत नाही. इतकी वर्षं झाली तरी 'नंबर जुळला' हे दोन शब्द कुणी माझ्यासमोर बोललं की माझं डोकं फिरतं. शेजारणीच्या मुलाने एकदा लॉटरीचा नंबर जुळला म्हणून पेढे आणले, तेव्हासुद्धा पेढा हातात घेताना माझं तोंड कडू झालं होतं.

ते यंत्र म्हणजे विजेवर भोकं पाडायचं ड्रिल. आमच्याकडे सुतार हाताने फिरवतात त्याला गिरमिट म्हणतात, म्हणून याला सगळे विजेचं गिरमिट म्हणायचे. पन्नास-साठच्या सांध्यावरची गोष्ट. महाडच्या बाजारात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते आणि आमच्या गावी, पोलादपूरच्या वर डोंगरात, ती यायला अजून बराच अवकाश होता. गावात भाताची चार खाचरं आणि वर नाचणी-वरीची वरकस जमीन. त्यावर दोन भावांचं भागणार नाही म्हणून आमचे हे लग्नाआधीच मुंबईला गेले आणि गोदीतल्या एका वर्कशॉपात लागले. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आजही घेत नाही. त्या वर्कशॉपाने जुनी यंत्रं काढून टाकली तेव्हा ह्यांनी हे गिरमिट विकत घेतलं. त्यासाठी कित्येक महिने एका वेळेलाच जेवले. सणाला घरी आले नाहीत, बोटीचं भाडं वाचवलं. मग एके दिवशी नोकरीला रामराम ठोकून, गोणपाटात गुंडाळलेलं ते धूड तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून महाडला उतरले. बाजाराच्या एका टोकाला दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत गिरमिट, मागच्या खोलीत मी.

काम भरपूर मिळालं. दासगावचे होडीवाले लोखंडी पट्ट्या घेऊन यायचे, गाडीवाले जुवाचं लोखंड आणायचे, कुणाचे खिडकीचे गज, कुणाच्या कडीकोयंड्याचे पत्रे. जे भोक पाडायला सुताराची अर्धी सकाळ जायची ते हे बिडी ओढता ओढता पाडून द्यायचे. बघायला माणसं जमायची. ह्यांना फार बोलायची सवय नव्हती, पण गिरमिट सुरू झालं की चेहऱ्यावर जे यायचं ते मी दुसऱ्या कशाने आलेलं पाहिलं नाही. माझ्याकडे बघूनही नाही, हे मी तेव्हा त्यांना सुनावलंही होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोयता, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ. तशी मी गिरमिटाचीही पूजा करायची. चिंचेने त्याची पितळी पट्टी घासायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि कुंकू लावलेल्या अक्षता टाकायच्या. मोटरला हवा लागावी म्हणून कवचाला चिरा ठेवलेल्या होत्या. पहिल्याच वर्षी चार दाणे त्या चिरांतून आत गेले आणि हे एकदम उठले.

"अगो, तांदूळ आत नको टाकू. जळंल ना ती मोटर."

"देवाचे तांदूळ हायेत," मी म्हटलं, "जळायची नाय."

जळली नाही. त्यावरून दर दसऱ्याला आमची तीच वादावादी व्हायची आणि दर दसऱ्याला दोन-चार दाणे आत जायचे.

तर शिमगा नुकताच झाला होता. पोलादपूरच्या पुढे रस्त्याचं काम चाललेलं, मोऱ्या आणि लहान पूल बांधायचे होते. बाहेरगावचा एक कंत्राटदार होता, त्याने जनरेटर आणलेला, आणि आमच्यासारखीच दोन गिरमिटं. त्यातलं एक गेलं. कसं गेलं, कुणी नेलं, काही पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराचा सुपरवायझर एका हवालदाराला घेऊन आमच्या दारात उभा. कुठल्या चौकीचा हवालदार ते मी सांगत नाही. तो गेला असेल, त्याची मुलंबाळं असतील, त्यांनी काही केलेलं नाही. सुपरवायझर मात्र मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. पांढरी पॅन्ट, डोक्यावर टोपी, आणि बोलताना समोरच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय.

हवालदाराच्या हातात एक चिठ्ठी होती, तिच्यावर दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे. त्याने गिरमिट उलटंपालटं केलं, पट्टी सापडली, चिठ्ठी पट्टीला लावून एकेक अक्षर बोटाने ताडून बघितलं. मग सुपरवायझरकडे बघून म्हणाला, "नंबर जुळला."

संपलं. ह्यांनी सांगायचा प्रयत्न केला की हे यंत्र दोन वर्षं इथेच आहे, अख्खा बाजार साक्षीला आहे. सुपरवायझर म्हणाला की बाजारात सगळे एकमेकांचेच असतात. आणि वर ऐटीत सांगितलं की आमची मशिनं कोरी करकरीत आहेत, दिवाळीनंतर मुंबईहून खोक्यातून काढून आणलेली. या खेड्यात असली वस्तू दुसऱ्या कुणाकडे असणारच कशी. आमच्या गिरमिटाचा रंग उडालेला होता, मूठ घासून काळी पडली होती. पण डोळे असून बघायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला काय दाखवणार? यंत्र गोणपाटात गेलं आणि हे त्याच्यामागून चालत गेले. बाजारातून. दुकानांच्या फळ्या उघडायच्या वेळेला.

मी मागच्या खोलीत चुलीपुढे तशीच बसून राहिले. आधी भीती वाटली, मग भीती गेली आणि संताप आला, आणि तो इतका आला की भाकरी थापताना परातीचा आवाज पलीकडच्या घरात गेला असेल. आमच्या घरात कधी कुणी कुणाच्या शेतातली काकडीसुद्धा तोडली नव्हती. आणि नुसत्या यंत्राचा प्रश्न नव्हता. दुकान महाडच्या बाजारात, गिऱ्हाईक विश्वासावर येणार. वस्तू दुरुस्तीला टाकून जाणार ती चोराच्या घरी कोण टाकील? यंत्र गेलं तर हे पुन्हा गोदीत गेले असते. नाव गेलं तर गोदीतही कुणी घेतलं नसतं.

दुपारी भाकरी फडक्यात बांधली, तांब्याभर पाणी घेतलं आणि चौकीवर गेले. हे भिंतीकडेच्या बाकावर बसलेले. मान खाली. गिरमिट टेबलावर. हवालदाराने मला विचारलं, कोण तू? मी म्हटलं, ह्यांची मंडळी. तो म्हणाला, ह्यांची म्हणजे कुणाची, नवऱ्याचं नाव सांग.

आता आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे त्या हवालदाराला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या घरची बाईही घेत नसणार. पण त्याला मजा हवी होती. कोपऱ्यातला शिपाई म्हणाला, घे की उखाणा. दोघं हसले. नवरा चोर म्हणून समोर बसवलेला आणि बायकोने उखाणा घ्यायचा. कानशिलं तापली माझी. मी हातातला तांब्या त्या टेबलावर असा आपटला की पाणी उसळून चिठ्ठीवर पडलं.

"ह्याच्यावर हाय नाव," मी म्हटलं. "वाचा."

तांब्यावर नाव घातलेलं होतं. त्या काळी घरात आलेलं प्रत्येक भांडं आधी बाजारात नावं घालणाऱ्याकडे जायचं. तो बारीक छिन्नीने टिकल्याटिकल्यांची अक्षरं ठोकायचा, मगच ते भांडं फळीवर चढायचं. हौस नव्हती ती. आमच्याकडे लग्न निघालं की भावकीतल्या सगळ्या घरांची भांडी एका मांडवात येतात, आणि लग्न उरकल्यावर अंगणात त्यांचा ढीग पडतो. त्या ढिगातून आपलं भांडं ओळखून काढणं हे नव्या सुनेचं काम. मी ते केलेलं आहे, आणि एकदा चुलत सासूची परात उचलून आणली म्हणून बोलणीही खाल्लेली आहेत.

हवालदाराने तांब्या फिरवला आणि आमचं आडनाव मोठ्याने वाचलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात ते लख्ख उजाडलं. पट्टी मी दर दसऱ्याला चिंचेने घासत होते. इंग्रजी मला येत नव्हतं, पण तिच्यावर ओळी दोन आहेत एवढं मला ठाऊक होतं. वरची मोठी, खालची बारीक. आणि हवालदाराच्या चिठ्ठीवर ओळ एकच.

"हे तुम्ही आमचं आडनाव वाचलंत," मी म्हटलं. "आमच्या गावात ह्या आडनावाची आठ घरं हायेत आनि आठही घरांत असले तांबे हायेत. एकाचा तांब्या गेला तर बाकीच्या सात घरांतली मानसं बांधून आनाल काय? तुमच्या चिठ्ठीत हाय ते गिरमिटाचं आडनाव हाय. खाली बारीक हाय ते त्याचं नाव. ते वाचा ना."

मला वाटलं, आता तरी तो पट्टीकडे बघेल. त्याने चिठ्ठीवरचं पाणी झटकलं आणि म्हणाला, बाई, हे भांडं नाही, मशीन आहे. भाकर देऊन घरी जा. गाढवापुढे वाचली गीता. तेही मी सोसलं असतं. पण बाकावरून हे म्हणाले, "तू जा गो घरी. बोलू नको."

तेच मला सगळ्यात जास्त लागलं. तुमच्यासाठीच बोलत होते ना मी? माझी लाज वाटली की त्यांची, ते मी पुढे कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी घरी मात्र गेले नाही. चौकीच्या पायरीवर बसले. येणारेजाणारे बघत होते, काही थांबून बघत होते. बघू दे म्हटलं. एकाने विचारलं, काय झालं वहिनी? मी म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, बसा बघायला. तो निघून गेला.

दिवेलागणीला कंत्राटदाराची जीप आली. सुपरवायझरबरोबर त्यांचा इंजिनिअर आला होता, तरुण, चष्मेवाला. हवालदाराला नीट दाखवावं म्हणून त्याने साइटवरचं दुसरं गिरमिट बरोबर आणलं होतं. ते आमच्या गिरमिटाशेजारी टेबलावर ठेवलं. कंदील जवळ घेतला. मी पायरीवरून उठून दारात उभी राहिले. हवालदाराने नव्या गिरमिटाची पट्टी वाचली, मग आमची वाचली, मग चिठ्ठी, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिन्हीकडे तेच. हवालदाराचं तोंड असं झालं की मला त्या अवस्थेतही बरं वाटलं. एक गिरमिट चोरीला गेलेलं, आणि त्याच्या हिशोबाने ते आता दोन ठिकाणी होतं, त्यातलं एक फिर्यादीच्याच हातात.

इंजिनिअर हसला. म्हणाला, अहो, हा मॉडेल नंबर. या जातीच्या सगळ्या मशीनवर हाच असणार. खाली बारीक आहे तो सिरियल नंबर, तो एकेका मशीनचा स्वतःचा. तुमच्या चिठ्ठीत तो कुठाय? सुपरवायझर टोपी नीट करायला लागला. गेलेल्या यंत्राचा खालचा नंबर त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता.

हवालदार म्हणाला, "वा साहेब. शिकलेल्या माणसाचं कामच वेगळं."

म्हणणं तेच होतं. दुपारी मी आडनाव आणि नाव म्हटलं होतं, इंजिनिअरने मॉडेल आणि सिरियल म्हटलं. माझी ती बडबड आणि त्याची ती विद्या. मला त्या इंजिनिअरचा राग नाही, तो बिचारा खरं बोलला आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवून गेला. पण त्या खोलीतल्या एकाही पुरुषाला दुपारची आठवण झाली नाही. तांब्या टेबलावर तसाच होता. मी आत गेले आणि उचलून घेतला.

कुणी चुकलो म्हटलं नाही. जा, पण बोलावलं तर यायचं, एवढंच. एक यंत्र शिपायाने गोणपाटात घालून ह्यांच्या हातात दिलं, दुसरं सुपरवायझरने उचलून जीपमध्ये टाकलं.

सकाळी ह्यांनी गोणपाट सोडलं, यंत्र हातात घेतलं आणि तसेच थांबले. म्हणाले, "हे आपलं नाय." मूठ गुळगुळीत नव्हती, बटण कडक होतं. रंग मात्र सिमेंटने आणि तेलाने इतका माखलेला की कंदिलाच्या उजेडात कुणालाच फरक कळला नव्हता. आमचं गिरमिट जीपमधून पोलादपूरला गेलं होतं आणि कंत्राटदाराचं नवं यंत्र आमच्या घरात.

शेजारचा दुकानदार म्हणाला, मग गप बसा की, जुनं देऊन नवं मिळालं, देवाने न्याय केला. मला त्याचाच राग आला. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. कारण आता खरंच आमच्या घरात दुसऱ्याची वस्तू होती. काल सगळ्यांनी खालच्या नंबराचं महत्त्व ऐकलेलं. उद्या कुणी तो नंबर काढला की काय सांगणार? काल आम्ही चोर नव्हतो, आज नंबराने झालो असतो.

पहिल्या एसटीने निघालो. मांडीवर गोणपाट. पोलादपूरहून साइटपर्यंत चालत. सुपरवायझर झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला. ह्यांनी नमस्कार करून सांगितलं की काल अदलाबदल झाली, हे तुमचं घ्या, आमचं द्या.

वाटलं होतं, चूक कळेल आणि विषय संपेल. तो माणूस उठला, गोणपाटात डोकावला, आणि त्याच्या चेहऱ्यावर कालचीच ऐट परत आली. म्हणाला, आमचं मशीन आमच्याकडे आहे, काल मी स्वतः आणलं. नंबर तोच. मग हे कुठलं? मग हे तेच, जे गेलं होतं. घाबरलात आणि परत आणून देताय.

हे खालीच बसले. अक्षरशः मातीत. मी आयुष्यात त्यांना तसं बसलेलं पुन्हा पाहिलं नाही, आजारपणातही नाही. चांगुलपणाने वस्तू परत आणली, तर आणली हाच चोरीचा पुरावा. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. खुर्चीमागे फळीवर यंत्र ठेवलेलं होतं, मुठीची ती काळी झाक मला लांबूनच दिसली. कामावरची माणसं हातातलं टाकून जमली होती. मी सुपरवायझरला विचारलं, तुमची मशिनं कधी आणलीत म्हणालात? तो म्हणाला, दिवाळीनंतर, शंभर वेळा सांगितलं. कोऱ्या खोक्यातून? हो, कोऱ्या खोक्यातून.

"मंग ह्याच्या पोटात दसऱ्याचे तांदूळ कुठून आले?"

कुणी अडवायच्या आत मी फळीवरचं गिरमिट उचललं. जड होतं, पण राग असला की वजन लागत नाही. चिरांची बाजू खाली केली आणि गदागदा हलवलं. आधी काळी धूळ पडली. मग एक दाणा. मग आणखी दोन. लाल झालेले, तेलाने काळवंडलेले, पण तांदूळ तो तांदूळच. खडी वाहणाऱ्या एका बाईने वाकून एक दाणा उचलला, लुगड्याला पुसला आणि सवयीने कपाळाला लावला. तिने तो लावला आणि मला रडू आलं. तोपर्यंत आलं नव्हतं.

इंजिनिअर तंबूतून बाहेर आला होता. त्याने एकदा फक्त सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर म्हणाला, ठीक आहे, ठीक आहे, न्या तुमचं. जणू आम्ही भीक मागायला गेलो होतो.

परत येताना एसटीत हे एकच बोलले. म्हणाले, बरं झालं, माझं ऐकलं नाहीस. तांदळाबद्दल म्हणाले की चौकीतल्या बोलण्याबद्दल, ते मी माझ्या मनाने ठरवून टाकलं. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी स्वतः गिरमिट पाटावर ठेवलं, चिरांची बाजू वर करून.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज इतकी जळफळत बसले नसते. पावसाळ्याच्या तोंडाला कंत्राटदाराने सामान आवरलं तेव्हा गेलेलं गिरमिट सापडलं. त्यांच्याच गोदामात, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली. हे आम्हाला कुणी येऊन सांगितलं? कुणी नाही. एका एसटी ड्रायव्हरने चहाच्या दुकानात सांगितलं, तिथून फिरत फिरत आमच्याकडे आलं. धरून न्यायला भर बाजारातून नेलं, आणि सुटलो ते सांगायला एक माणूस फिरकला नाही. परिणाम काय? गिऱ्हाईक तुटलं नाही, पण नाव पडलं. पत्ता सांगताना लोक म्हणायचे, ते चोरीच्या गिरमिटवाले, त्यांच्याकडे जा. वाईट मनाने नव्हते म्हणत. कित्येकांना तर मूळ गोष्टही ठाऊक नव्हती. हसत हसत म्हणायचे, आणि हेही हसायचे. मी नाही हसले. दासगावच्या एका होडीवाल्याने माझ्यासमोर म्हटलं तेव्हा मी त्याच्या पट्ट्या उचलून रस्त्यात ठेवल्या. ह्यांनी त्या पुन्हा आत आणल्या.

त्याच दिवशी मी गिरमिट गोणपाटात घातलं आणि बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने आधी मला आणि मग यंत्राला न्याहाळलं. म्हणाला, पितळेवर ठोकतो वहिनी, ह्याच्यावर कधी ठोकलं नाय. मी म्हटलं, आता ठोका. नाव काय घालू? मी तांब्या बरोबर नेला होता, तो पुढे केला. त्याने सगळं नाव घातलं, खाली गाव घातलं. मग रीतीप्रमाणे विचारलं, कुणाकडून? भांडं माहेरचं असेल तर माहेरचं नाव, मामाचं असेल तर मामाचं, असं खाली घालतात. मी म्हटलं, कुणाकडून नाही. मी सांगते ते घाला. त्याने ऐकलं, छिन्नी खाली ठेवली आणि म्हणाला, असं कुणी लिहीत नाय. मी म्हटलं, मी लिहिते. त्याने ठोकलं. अक्षरं जरा वाकडी आली, पण खोल आली.

हे त्याच गिरमिटावर म्हातारे झाले. ह्यांनी ते लिहिलेलं वाचलं तेव्हा अंगठा एकदा त्यावरून फिरवला. पुढे मोटर गेली, दुसरी यंत्रं आली, आणि हे गेल्यावर गिरमिट माळ्यावर चढलं.

नातवाला कंपनीची पट्टी मिळाली, पण मी इतकी वर्षं चिंचेने घासून तिच्यावर काही ठेवलेलं नव्हतं. वरची ओळ नाही, खालचीही नाही. त्याने दिवा तिरपा धरला तेव्हा कवचाच्या दुसऱ्या बाजूला टिकल्या दिसल्या. धूळ पुसली. आजोबांचं नाव वाचलं, गाव वाचलं, आणि मग अडखळत तिसरी ओळ वाचली: हे यंत्र विकत घेतले असे.

"आजी," तो म्हणाला, "विकत घेतलं असं कोण कशाला लिहील मशीनवर?"

मी म्हटलं, "ज्याला चोर म्हटलेलं असतं, तो."